घोरण्याची बखर

इतिहास हा जागे असलेल्या माणसांचा लिहिला जातो. महाराज पहाटे केव्हा उठले, स्वारी कोणत्या घाटाने उतरली, तहाची बोलणी किती प्रहर चालली, याची टिपणे बखरकार मोठ्या निगुतीने करून ठेवतात. पण रात्री दिवे मालवल्यावर महाराज झोपले कसे, हे लिहून ठेवावे असे कोणाला सुचत नाही. माणूस आयुष्याचा सुमारे तिसरा हिस्सा झोपेत काढतो. त्या तिसऱ्या हिश्श्याला बखर नाही. ज्याच्यावर तो गुदरतो तो स्वतः झोपलेला असतो, आणि शेजारी जे जागे असतात त्यांना कोणी साक्षीला बोलावीत नाही.

ही उणीव एका लहानशा बाबतीत भरून काढावी असा माझा विचार आहे. घोरणे हा माझा विषय. विषय ऐकून वाचक हसतील, खुशाल हसावे. गेली दोन हजारांहून अधिक वर्षे या विषयावर माणसे हसतच आली आहेत. पण त्या हसण्यामुळेच एका जीवघेण्या दुखण्याचा पत्ता वैद्यकाला फार उशिरा लागला, एवढे मला सांगायचे आहे. सांगण्याचा अधिकार काय म्हणाल, तर गेली चार वर्षे मी रोज रात्री नाकावर मुखवटा चढवून आणि त्याला एक वाऱ्याचे यंत्र जोडून झोपतो. त्या यंत्राची कुळकथा शोधता शोधता ही बखर जमली.

घोरणाऱ्यांचा आद्य पुरुष आपल्याकडे कुंभकर्ण. वाल्मीकींच्या युद्धकांडात त्याला उठवायला गेलेले राक्षस त्याच्या नाकातून सुटणाऱ्या वाऱ्यानेच मागे ढकलले जातात. मग शंख फुंकतात, नगारे बडवतात, अंगावरून हत्ती चालवतात. कीर्तनात हा प्रसंग आला की मंडपात पेंगुळलेली पोरेसुद्धा डोळे चोळीत उठून बसतात. कुंभकर्णाच्या दुखण्याचे निदान करायला मी बसलेलो नाही. तो ब्रह्मदेवाच्या अखत्यारीतला विषय आहे. पण त्या कथेतून एक समजूत आपल्या घरोघर मुरली, ती अशी की घोरणे जेवढे मोठे, तेवढी झोप गाढ. ‘काय ढाराढूर झोपलाय बघा!’ असे आपण कौतुकाने म्हणतो. दिवसभर राबलेल्या माणसाच्या घोरण्याकडे घरातली माणसे समाधानाने पाहतात.

तिकडे ग्रीकांच्या इतिहासातही असाच एक पुरुष सापडतो. काळ्या समुद्राच्या काठी हेराक्लिया नावाचे नगर होते. ख्रिस्तपूर्व चौथ्या शतकात तेथे डायोनिसियस नावाचा सत्ताधीश राज्य करीत होता. खाण्यापिण्याच्या शोकाने तो इतका फुगला होता, की लोकांना भेटताना अंगापुढे एक पेटी ठेवून बसे. म्हणजे तोंड तेवढे दिसावे आणि बाकीचा विस्तार झाकला जावा. त्याला झोप अशी लागे की उठवता उठवत नसे. अथेनियस या ग्रीक लेखकाने लिहून ठेवले आहे, की वैद्यांनी लांब आणि बारीक सुया करवून घेतल्या होत्या. राजाला गाढ झोप लागली की त्या सुया त्याच्या कुशीत आणि पोटात टोचायच्या. चरबीचा थर संपेपर्यंत राजाला पत्ता नसे. सुई आतल्या मांसाला लागली की तो दचकून जागा होई. एवढ्या सुया टोचून घेऊन तो ५५ वर्षे जगला आणि त्यांपैकी ३३ वर्षे त्याने राज्य केले.

ही गोष्ट वाचून हसू येते खरे, पण क्षणभर थांबून विचार करावा. राजाची झोप मोडण्याचा उद्योग कोणता शहाणा वैद्य करील? गाढ झोप हाच या माणसाला धोका आहे, एवढे त्या वैद्यांना दिसले होते. का, ते त्यांना सांगता येत नव्हते. ते सांगता यायला पुढे बावीस-तेवीस शतके जावी लागली.

मधल्या काळातले सर्वांत प्रसिद्ध निद्रिस्त पात्र एका कादंबरीत आहे. चार्ल्स डिकन्सने वयाच्या चोविसाव्या वर्षी, १८३६ साली, ‘पिकविक पेपर्स’ मासिक हप्त्यांनी लिहायला घेतले. त्यात वॉर्डल नावाच्या गृहस्थाकडे जो नावाचा एक नोकर पोरगा आहे. लठ्ठ, लाल तोंडाचा, खादाड. आणि सदा झोपलेला. गाडीवर बसला तरी झोपतो, दार ठोठावता ठोठावता उभ्याने झोपतो, झोपला की घोरतो. साऱ्या इंग्लंडला या पोराने हसवले. डिकन्सची नजर इतकी पक्की, की पुढे डॉक्टरांनी त्या वर्णनावरून रोगाचे नाव ठेवले. पण डिकन्सने जोला दिवसाउजेडी पाहिले होते. रात्री तो कसा झोपतो, हे पाहायला त्याच्या माळ्यावर कोण जाणार?

रात्री पाहणारा पहिला डॉक्टर म्हणून सर विल्यम ब्रॉडबेंट या लंडनच्या वैद्यांचे नाव घ्यावे लागेल. १८७७ साली त्यांनी ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात एका निराळ्याच विषयावर लिहिताना जाता जाता एक निरीक्षण नोंदवले. वयस्क माणूस उताणा पडून मोठ्याने घोरत असला, की मधूनच दोनचार श्वासांपुरती पूर्ण शांतता होते. छाती हलत असते, पण हवा आत जात नाही. आणि मग एकदम मोठ्या आवाजासरशी ती आत शिरते. सगळा रोग या एका निरीक्षणात आला आहे. पण ब्रॉडबेंट पुढे निघून गेले आणि वाचणारेही त्यांच्याबरोबर पुढे गेले.

त्यानंतर बारा वर्षांनी, १८८९ मध्ये, लिव्हरपूलच्या रिचर्ड केटन यांनी एका कोंबड्या-बदके विकणाऱ्या दुकानदाराची हकिगत प्रसिद्ध केली. हे केटन साधे गृहस्थ नव्हेत. मेंदूत विजेचे सूक्ष्म प्रवाह असतात हे त्यांनीच १८७५ साली जनावरांवरच्या प्रयोगांनी दाखवले होते. त्यांचा हा दुकानदार अंगाने स्थूल. गिऱ्हाइकाशी बोलता बोलता गल्ल्यापाशी उभ्याउभ्या झोपे. पाव तासाने जागा होऊन पाही, तो विकायला घेतलेले बदक हातात तसेच आणि गिऱ्हाईक केव्हाच निघून गेलेले! पण केटन यांनी त्याला रुग्णालयात ठेवून घेतले आणि रात्रीचेही पाहिले. झोप लागली की त्याचा घसा मिटे. छाती आणि पोट जोरजोराने ओढ घेत. मिनिट-दीड मिनिट ही झटापट चाले. अंग निळे पडत जाई. पाहणाऱ्याच्या जिवाचा थरकाप होई. आणि मग एकदाचा घसा मोकळा होऊन लांब श्वास सुरू होत. हे असे रात्रभर चालते, अशी साक्ष रात्रपाळीच्या परिचारिकेने दिली.

या अनामिक परिचारिकेला माझा नमस्कार असो. कागदोपत्री साक्ष नोंदली गेलेल्या या रोगाच्या रात्रीच्या साक्षीदारांत ती अगदी पहिल्यांपैकी एक. पण ज्या सभेत ही हकिगत वाचली गेली, तिथल्या अध्यक्षांना ती ऐकून आठवण झाली ती डिकन्सच्या लठ्ठ पोराची! पुन्हा दिवसाचे चित्र पुढे आले आणि रात्रीची साक्ष मागे पडली.

ती मागे पडली ती आणखी पाऊणशे वर्षे. १९५६ साली बॉस्टनच्या सिडनी बरवेल या नामांकित डॉक्टरांनी आणि त्यांच्या तीन सहकाऱ्यांनी एका ५१ वर्षांच्या व्यापारी अधिकाऱ्याची कहाणी छापली. हा गृहस्थ पत्ते खेळत होता. हातात तीन एक्के आणि दोन राजे आले. पोकर खेळणाऱ्याला असे पान वर्षाकाठी एखादे वेळी येत असेल. आणि हा गृहस्थ ते पान हातात धरून झोपी गेला! डाव गेला, तेव्हा कुठे थोड्या दिवसांनी तो रुग्णालयात दाखल झाला. बरवेल यांनी या विकाराला ‘पिकविकियन सिंड्रोम’ असे नाव दिले. पण त्यांचा सारा रोख दिवसाच्या तपासणीवर होता. रक्तात कर्बवायू साठतो आणि त्यामुळे गुंगी येते, असा त्यांनी निष्कर्ष काढला. वजन उतरल्यावर रुग्ण सुधारला, तेव्हा सर्वांचे समाधान झाले. लठ्ठ माणूस, आळशी माणूस, झोपाळू माणूस; जुनेच चित्र, आता त्याला शास्त्राची चौकट मिळाली.

आता हे दुखणे आहे तरी काय, ते सांगितले पाहिजे. नाकापासून फुप्फुसापर्यंतच्या हवेच्या वाटेला बहुतेक ठिकाणी हाडाचा किंवा कूर्चेचा आधार आहे. फक्त पडजिभेपासून स्वरयंत्रापर्यंतचा टप्पा मऊ मांसाचा आहे. तिथे हाडाची नळी असती तर घास गिळता आला नसता आणि शब्दही घडवता आला नसता. जागेपणी स्नायू ही वाट ताणून उघडी धरतात. झोपेत ते सैल पडतात, जीभ मागे सरते, वाट अरुंद होते. अरुंद वाटेतून जाणारी हवा मऊ पडद्यांना थरथरवते, तेच घोरणे. कित्येकांचे काम एवढ्यावर भागते. पण काहींची वाट अजिबात मिटते. ओल्या कागदी नळीने उसाचा रस जोराने ओढला की नळीच चपटी होते, तसे होते. जेवढे ओढावे तेवढी ती अधिक मिटते. अशा वेळी घोरणे थांबते. रक्तातला प्राणवायू उतरू लागतो, मेंदू घंटा वाजवतो, माणूस अर्धवट जागा होतो, घसा ताणला जातो, फुर्रकन हवा आत शिरते आणि तो पुन्हा झोपतो. सकाळी त्याला यातले काही आठवत नाही.

इंग्रजीत याला ‘स्लीप ॲप्निया’ म्हणतात. ॲप्निया म्हणजे ग्रीक भाषेत श्वास नसणे. आपण निद्राश्वसनरोध म्हणू. दहा सेकंद किंवा त्याहून अधिक वेळ श्वास अडला किंवा बराच मंदावला की तो एक रोध. ताशी पाचपर्यंत रोध झाले तर डॉक्टर फारसे मनावर घेत नाहीत. तीसच्या वर गेले की दुखणे तीव्र समजतात. ताशी चाळीस रोध आणि सात तासांची झोप म्हणजे रात्रीत २८० वेळा गळा आवळला जाणे. अशा माणसाला दिवसा झोप येते याचे नवल नाही. तो दिवसा जागा कसा राहतो याचेच नवल. लठ्ठपणाने हे दुखणे वाढते हे खरे. पण हनुवटी आखूड असलेल्या, घसा जात्याच अरुंद असलेल्या सडपातळ माणसांनाही ते जडते.

हे सारे उलगडले ते १९६५ साली. मार्सेय येथे गास्तो, तासिनारी आणि द्युराँ यांनी आणि जर्मनीत युंग आणि कूलो यांनी, एकमेकांना पत्ता नसताना, अशा रुग्णांना रात्रभर यंत्रांना जोडून झोपवले. मेंदूतले विद्युत्प्रवाह, छातीची हालचाल, नाकातली हवा, सारे एकाच वेळी कागदाच्या लांब पट्टीवर उमटत गेले. सकाळी पट्टी उलगडून पाहिली तो रुग्ण रात्रभर झोपलाच नव्हता! झोप आणि गुदमरणे यांचा पाठशिवणीचा खेळ चालला होता. ज्याला जग झोपाळू म्हणत होते, तो वस्तुतः वर्षानुवर्षे जागरण करणारा माणूस होता. १९७२ साली बोलोन्याच्या लुगारेसी यांनी इटलीतल्या रिमिनी गावी या विषयावर परिषद भरवली आणि नव्या रोगाला दवाखान्याची दारे उघडली.

निदान झाले, उपाय काय? पहिला उपाय मोठा कठोर होता. १९६९ मध्ये कूलो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मिटणाऱ्या घशाला वळसाच घातला. गळ्याला पुढून भोक पाडून श्वासनलिकेत नळी बसवली. दिवसा भोक बंद ठेवायचे, रात्री उघडायचे. गुण असा आला की मरगळलेली माणसे चार दिवसांत ताजीतवानी झाली. पण गळ्याला भोक घेऊन जगायचे म्हणजे पोहणे बंद, जंतूंची भीती कायमची आणि आरशात रोज ते पाहायचे. कित्येक रुग्ण म्हणत, यापेक्षा झोपाळू राहिलेले बरे.

आता बखरीतला मुख्य प्रसंग. कॉलिन सलिव्हन हे ऑस्ट्रेलियन डॉक्टर टोरांटोला कुत्र्यांच्या झोपेतल्या श्वासोच्छ्वासाचा अभ्यास करून सिडनीला परतले होते. १९८० सालच्या जून महिन्यात त्यांच्याकडे एक रुग्ण होता. त्याचे दुखणे तीव्र, गळ्याला भोक पाडण्याचा सल्ला मिळालेला, आणि ते टाळण्यासाठी वाटेल तो प्रयोग अंगावर करून घ्यायची तयारी. सलिव्हन यांची कल्पना साधी होती. आत ओढण्याने नळी मिटते ना, मग बाहेरून थोडी हवा लोटून ती फुगवून धरावी. शेताच्या बांधावर पडलेली कापडी नळी रिकामी असताना चपटी असते. पाणी सोडले की गोल उभी राहते. घशाचेही तसेच करायचे.

हवा लोटायला यंत्र कोणते? घरातली धूळ ओढणाऱ्या व्हॅक्यूम क्लीनरचा पंखा घेतला आणि तो हवा ओढण्याऐवजी लोटील असा जोडला. नाकाशी नळ्या रुग्णालयातल्या मऊ सिलिकोनने चिकटवल्या. रुग्ण झोपला. श्वास अडू लागला. सलिव्हन यांनी दाब हळूहळू वाढवला आणि एका विशिष्ट दाबाला श्वास मोकळा वाहू लागला. दाब कमी केला की रोध परत; वाढवला की नाहीसा. दिव्याचे बटण दाबावे तसे! मग दाब तसाच ठेवला आणि तो माणूस रात्रभर झोपला. १९८१ च्या एप्रिलमध्ये ‘लॅन्सेट’मध्ये पाच रुग्णांची हकिगत छापून आली. लागलेला दाब होता ४.५ ते १० सेंटीमीटर पाण्याच्या स्तंभाएवढा. आपल्या डोक्यावरच्या वातावरणाचा दाब या मापाने सुमारे १,०३३ सेंटीमीटर भरतो. म्हणजे हा उपाय फार तर त्याच्या शंभराव्या हिश्श्याचा. बावीस-तेवीस शतकांच्या दुखण्याला एवढीशी फुंकर पुरली.

नवी विद्या आकाशातून पडत नाही. तिलाही पूर्वज असतात. १९३६ साली लंडनच्या पोल्टन यांनी हृदयविकाराने फुप्फुसांत पाणी झालेल्या रोग्यांना मुखवट्यातून दाबाची हवा दिली होती, आणि गंमत अशी की त्यांनीही व्हॅक्यूम क्लीनरचाच पंखा वापरला होता. १९७१ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या जॉर्ज ग्रेगरी यांनी अपुऱ्या दिवसांच्या बाळांची फुप्फुसे अशाच सतत दाबाने उघडी ठेवून कित्येक जीव वाचवले होते. त्या सतत दाबाच्या हवेचे इंग्रजी आद्याक्षरांवरून झालेले नाव ‘सीपॅप’, आणि तेच नाव माझ्या उशाशी ठेवलेल्या यंत्राचे.

त्या उशाकडे आता वळतो. मी डॉक्टरांकडे गेलो तेव्हा मला वाटत होते, ते मला प्रश्न विचारतील. त्यांनी माझ्याकडे पाहिलेही नाही. ‘बरोबर कोण आले आहे?’ असे विचारून त्यांनी खुर्ची पत्नीपुढे सरकवली आणि म्हणाले, ‘वहिनी, तुम्ही सांगा. रात्री काय होते?’ आमच्या संसारात मला इतके मोठे उत्तर तिच्याकडून एका दमात ऐकायला मिळाले नव्हते. घोरणे किती वाजता सुरू होते, कोणत्या कुशीवर वाढते, केव्हा थांबते. थांबल्यावर ती मनातल्या मनात आकडे मोजते. वीसपर्यंत वाट पाहते आणि मग खांद्याला धक्का देते. कितीतरी वर्षे ती अशी आकडे मोजीत होती. मी शांतपणे झोपलेलो होतो, निदान जगाच्या समजुतीप्रमाणे. मग एका रात्री अंगाला तारा लावून तपासणी झाली आणि यंत्राने ताशी ३८ रोध असा निकाल दिला. पत्नीच्या आकड्यांना शास्त्राची सही मिळाली, एवढाच त्याचा अर्थ.

यंत्र घरी आले. उपाय सोपा म्हणून झोप सोपी होत नाही. पहिल्या रात्री वाटले, धावत्या गाडीच्या खिडकीतून कोणी माझे तोंड बाहेर धरले आहे. श्वास घेणे फुकट. पण सोडताना वाऱ्याशी कुस्ती. बोलायला तोंड उघडावे तर नाकातून आत आलेला वारा तोंडातून भसकन बाहेर, आणि शब्द त्यातच वाहून जायचा. पट्टे आवळले तर गालांवर वळ उठतात. सैल सोडले तर कडेने वारा निसटून डोळ्यांत जातो आणि शिट्टी वाजते. मिशी हा तर मुखवट्याचा जन्मवैरी. नातवाने नाकापासून लोंबणारी नळी पाहिली आणि जाहीर केले, ‘आजी, बघ! आजोबांचा गणपती झाला!’ ही पदवी माझ्याकडे कायम आहे.

यंत्र लावून देणारा तरुण शहाणा होता. त्याने सांगितले, ‘काका, रात्रीची घाई करू नका. आधी दिवसा लावून वर्तमानपत्र वाचा.’ तसे केले. पहिले दोन दिवस अग्रलेखापर्यंत दम टिकला, आठवड्याने छोट्या जाहिरातींपर्यंत पोचलो. दाब थोड्यावर सुरू होऊन वीस मिनिटांत चढत जाईल अशी सोय असते, ती लावून घेतली. घसा कोरडा पडू लागला तेव्हा यंत्रातल्या पाण्याच्या डबीने हवा ओलसर केली. नाकपुड्यांशी नुसत्या टेकणाऱ्या गाद्यांचा मुखवटा मिळाला आणि मिशीचा प्रश्न सुटला. मुखवटा रोज धुणे, गाळणी वेळेवर बदलणे, ही पूजाअर्चा अंगवळणी पडली. दिवाळीच्या चार दिवसांत ती गाळणी किती काळवंडते ते पाहिले, की फटाक्यांविषयी घरात वेगळे व्याख्यान द्यावे लागत नाही. गावी गेलो की मी पाहुणा म्हणून आधी पाण्याचा तांब्या विचारीत नाही. पलंगाजवळ प्लग कुठे आहे ते विचारतो. वीज गेली की यंत्राआधी मी जागा होतो.

तिसऱ्या आठवड्यात सलग चार तास झोप लागली. महिन्याने सकाळचे डोके दुखणे गेले आणि नाटकाचा तिसरा अंक मी डोळे उघडे ठेवून पाहिला. पण या साऱ्यात मला विसरता येत नाही ती निराळीच गोष्ट. यंत्र नीट चालू लागल्यावर माझी झोप सुधारली, पत्नीची बिघडली. एका रात्री जाग आली तो तिचा हात माझ्या छातीवर. ‘काय झाले?’ तर म्हणाली, ‘काही नाही हो. एवढी शांतता झाली म्हणून श्वास चालू आहे ना, ते पाहिले.’ शांतता म्हणजे संकट, हा तिचा वर्षानुवर्षांचा अनुभव. माझ्या घशाला वाऱ्याची सवय व्हायला तीन आठवडे लागले. तिच्या कानांना निर्धास्त शांततेची सवय व्हायला त्याहून पुष्कळ अधिक.

यंत्राचे पोवाडे गाण्याचा माझा इरादा नाही. १९९३ साली अमेरिकेत ३५ रुग्णांच्या यंत्रांत गुपचूप मोजणी ठेवून पाहिले. दहांपैकी सहा जण म्हणत होते, आम्ही रोज लावतो. पण दहांतल्या सात दिवशी निदान चार तास लावणारे निघाले १६. खुंटीवर टांगलेला मुखवटा घसा उघडत नाही. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणीत, आधीच हृदयाचा किंवा मेंदूच्या रक्तवाहिन्यांचा विकार असलेल्या २,७१७ रुग्णांत, सीपॅपमुळे पुढचे झटके कमी झाल्याचे दिसले नाही. दिवसाची झोप मात्र उणावली आणि मन हलके झाले. त्या रुग्णांचा यंत्र लावण्याचा सरासरी काळ रात्री साडेतीन तासही भरला नव्हता. २०२१ साली तर फिलिप्स कंपनीने आपली लाखो यंत्रे परत बोलावली, कारण आवाज दाबायला आत बसवलेला स्पंजासारखा थर झिजून त्याचे कण श्वासात जाण्याचा धोका होता. तेव्हा यंत्र हे यंत्रच आहे. वजन, मद्य, उताणे झोपणे यांचा हिशेब ते माफ करीत नाही.

पण हे दुखणे परदेशी लठ्ठांचे, आपल्याला त्याचे काय, असे मात्र कोणी म्हणू नये. १९९३ मध्ये अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात ३० ते ६० वर्षांच्या नोकरदार माणसांची पाहणी झाली. ताशी पाचांवर रोध असणारे पुरुषांत शंभरी २४ आणि स्त्रियांत ९ निघाले. मुंबईत डॉ. झरीर उदवाडिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मध्यमवयीन पुरुषांची अशीच पाहणी करून २००४ मध्ये ती प्रसिद्ध केली. त्यांना झोपेतल्या श्वसनाचा बिघाड १९.५ टक्क्यांत आढळला, आणि त्यासोबत दिवसा झोप येण्याचा त्रास ७.५ टक्क्यांत. पाच पुरुषांत जवळजवळ एक. १५ फेब्रुवारी २०२२ रोजी मुंबईत संगीतकार बप्पी लाहिरी वारले, तेव्हा मृत्यूचे कारण म्हणून याच विकाराचे नाव वर्तमानपत्रांत छापून आले आणि पुष्कळ घरांत ते प्रथमच वाचले गेले.

विस्कॉन्सिनच्या त्या शंभरातल्या ९ स्त्रियांचा आकडा मी मुद्दाम दिला. पुरुष घोरला तर घर हसते. बाई घोरली तर घर लपवते. तिच्या घोरण्याची थट्टासुद्धा होत नाही, मग चौकशी कुठली? सासूबाईंना दुपारी स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी बसल्याबसल्या डुलकी लागते, मावशी पोथी वाचता वाचता पेंगतात, याला आपण वय म्हणतो, थकवा म्हणतो. पुरुषांना निदान शेजारी एक जागे माणूस लाभते. आणि त्या बाईशेजारचे माणूस बहुधा स्वतःच घोरत असते.

वाचकहो, या दिवसांत आपली घरे पाहुण्यांनी भरलेली आहेत. फराळ झाला, गप्पा आटोपल्या, की माजघरात अंथरुणांची रांग लागेल. त्यात कोणीतरी काका, कोणीतरी आत्या घोरू लागतील आणि पोरे पांघरुणाखाली तोंड दाबून हसतील. त्यांना हसू द्यावे. पण मोठ्यांपैकी एकाने पाच मिनिटे जागे राहावे आणि कान द्यावा. घोरण्याकडे नव्हे, घोरणे मध्येच थांबते त्या शांततेकडे. ती शांतता दहा आकडे मोजण्याइतकी लांबली आणि मग फुर्रकन श्वास सुटला, आणि हे पुन्हा पुन्हा झाले, तर सकाळी अभ्यंगस्नानानंतर त्या माणसाला शेजारी बसवून घ्यावे आणि आपण काय ऐकले ते सांगावे. तो म्हणेल, ‘मला तर छान झोप लागली होती.’ त्याचे खोटे नाही. पण रात्रीची साक्ष त्याला देता येत नाही. ती जागे असणाऱ्यानेच द्यायची असते.